गुरुवार, चार वाजता

टिश्यूचा खोका मी आता कुणापुढे सरकवत नाही.
सुरुवातीला सरकवायचे,
डोळे नुसते भरून आले तरी.
मग तोर्सहाव्हनहून फोनवर मार्युन म्हणाली,
‘खोका पुढे आला की माणसाला कळतं,
बाई म्हणतेय, पुरे.’

क्लाक्सविक केवढंसं.
दुकानात अंड्यांपाशी उभी असते
तेव्हा मला ठाऊक असतं
पुढच्या बाईच्या नवऱ्याचं,
मागच्या पोराच्या रात्रींचं,
आणि मी अंडी बघत राहते.
ओळख आधी त्यांनी दाखवायची, असा नियम.
म्हणून गाव मला शिष्ट म्हणतं.
आईसुद्धा.

तुम्मस यायचा गुरुवारी, चार वाजता.
टोपी गुडघ्यावर.
धाकटा भाऊ बोटीवरून गेला, मागच्या फेब्रुवारीत,
हे मला गावाने सांगितलेलं. त्याने नाही.
तो बोलायचा इंजिनाबद्दल.
सहा आठवडे इंजिन.
पिस्टन, वंगण, कुठलीशी झडप
जी थंडीत अडकते.
मी मान हलवायचे
आणि त्याच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ ऐकायचे.
सातव्या गुरुवारी मला राहवलं नाही.
‘तुम्मस, भावाचा राग येतो का तुला?’

त्याने टोपी उचलली.
आतली शिवण पाहिली.
‘आभारी आहे,’ म्हणाला,
आणि दार इतकं हलकेच लावलं
की आपटलं असतं तर बरं.

‘बरोबर होतं तुझं,’ मार्युन म्हणाली.
मग बराच वेळ फोनवर नुसता वारा.
‘बरोबर होतं, म्हणूनच तर.’

चार आठवडे ती वेळ मी रिकामी ठेवली.
त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं.
तिथून डोंगरावरच्या मेंढ्या दिसतात,
आणि माझा चेहरा, उजेडाकडे पाठ करून बसलेला,
दिसत नसणार.
पाचव्या आठवड्यात शाळेतली एक मुलगी आली,
नखं कुरतडणारी. तिला दिली ती वेळ.
खुर्च्या मात्र फिरवल्या.

जानेवारीत, समुद्राखालच्या बोगद्याच्या तोंडाशी
माझी गाडी बंद पडली.
थांबला तो तुम्मस.
‘बॉनेट उघड,’ म्हणाला. एवढीच ओळख.
मी बॅटरी धरली. तो कोपरापर्यंत आत.
आणि सांगू लागला
काय अडकतं, का अडकतं,
जोर केला तर काय तुटतं.
‘बार्दुरला नुसतं ऐकून कळायचं.
मला उघडावं लागतं.’

ते नाव. पहिल्यांदा.
माझ्या घशाशी एक प्रश्न आला,
चांगला, शिकलेला प्रश्न.
गिळला. गार होता.
विचारलं एवढंच, ‘कसा यायचा आवाज?’
त्याने तोंडाने काढून दाखवला.
दोनदा.

याची नोंद कुठेच नाही.
फाइल बंद झालीय,
आणि रस्त्याच्या कडेला उपचार होत नसतात
असं मीच शिकाऊंना सांगते.

गाडी सुरू झाली.
त्याचे हात काळेकुट्ट.
विचार न करता मी मागच्या सीटवरचा खोका पुढे केला.
त्याने दोन कागद ओढले,
थांबला,
आणि आणखी एक.