कोरडा दिवस

शुक्रवारी मी असल्फाची टेकडी चढते.
दोनशे बारा पायऱ्या. दर पन्नासला थांबायचं, दम खायचा,
असं मीच सगळ्यांना सांगते
आणि स्वतः पाळत नाही.
पिशवीत रजिस्टर, खडू, टॉर्च,
ओआरएसची पाकिटं, अर्धी भाकरी.

‘आज कोरडा दिवस,’ मी दारात म्हणते.
‘म्हणजे गुत्ता बंद?’ लोंढ्यांचा जावई विचारतो.
दर शुक्रवारी हाच विनोद.
मी हसते. हसलं की
ड्रमचं झाकण लवकर उघडतं.

पाणी ओता म्हणायला काय जातंय?
इथे ते पहाटे पावणेचारला येतं,
वीस मिनिटं, करंगळीएवढ्या धारेनं.
जिनं ते तीन वळणं वर चढवलं
तिच्या तोंडावर म्हणायचं,
सांडा, घासा, पालथं घाला उन्हात.
जैबुन्निसा एकदा म्हणाली,
‘बाई, दूध ओतायला सांग, ते परवडेल.’
तेव्हापासून ‘ओता’ म्हणत नाही मी.
जुन्या लुगड्याचा तुकडा मागते,
दुहेरी करून पाणी गाळते दुसऱ्या पिंपात,
रिकाम्याच्या कडा ब्रशने खरवडते,
अंडी तिथेच चिकटलेली असतात.
वेळ जातो.
रजिस्टरात त्याला रकाना नाही.

मग दारावर खडूने तारीख.

गल्लीच्या टोकाला सुमेध, सात वर्षांचा,
लोणच्याची बरणी दोन्ही हातांत धरून
वाटच बघत होता.
‘मावशी, माझे मासे.’

बारा-पंधरा असतील. वाकडे होत वर यायचे,
शेपटी पाण्याला टेकवून उलटे लटकायचे,
सावली पडली की झरझर तळाला.
पोळीचा चुरा घातला होता त्यानं.
सगळ्यात जाड्याचं नाव होतं पैलवान.
कुठून आणले?
छपरावर ताडपत्री उडू नये म्हणून टायर ठेवलाय, त्यातून.

‘हे मासे होणार नाहीत रे.’
‘मग काय होणार?’

एकोणीस वर्षं पत्रकं वाटतेय.
एकाही पत्रकात पोराला काय सांगायचं ते नव्हतं.
‘पंख फुटतील,’ मी म्हणाले
आणि त्याचा चेहरा असा काही उजळला
की चूक झाली हे तिथेच कळलं.

पायरीवर बसले. त्याला शेजारी बसवलं.
गेल्या सप्टेंबरात तेजूला राजावाडीत नऊ दिवस ठेवलं होतं,
आठवतं? हाताला सुई, पट्टी,
आई दवाखान्याच्या लादीवर झोपायची?
त्यानं मान हलवली.
‘पैलवाननं केलं?’
‘यानं नाही. याच्यासारख्या कुणीतरी.’
‘पण याला माहीतच नसेल.’
‘नसेल.’

बराच वेळ बोलला नाही.
मग बरणी घेऊन स्वतःच उठला,
तापलेल्या फरशीवर, अगदी हळू,
कुणाला लागू नये तसं ओतलं.
डाग आक्रसत गेला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.
‘बरणी ठेवू?’
‘ठेव. धुऊन, पालथी.’
टायर खाली काढायला जावयाला हाक मारली.
आला, विनोद न करता.

रात्री घरी, भांडी घासून झाल्यावर,
खिडकीतल्या मनीप्लँटच्या बाटलीवर सहज टॉर्च मारला.
निळी बाटली, लेकीनं आणलेली,
पाणी कधी बदललं होतं, देव जाणे.
तीन होते.
पानाच्या देठाशी उलटे लटकलेले, निवांत.
लगेच ओतायला हवं होतं.
मी टॉर्च धरून उभी राहिले,
कोण जाड आहे ते बघत.

मग ओतलं. बाटली आतून घासली.
दारावर खडूने तारीख घातली, आमच्याच.

सकाळी दूधवाला थबकला.
‘मॅडम, तुमच्याकडे पण?’
‘आमच्याकडे पण,’ म्हटलं,
‘आणि त्या कॅनचं झाकण नीट लाव.’