पाटकरी

सॅन अँटोनियोच्या दक्षिणेला, हायवेचा आवाज पातळ होतो तिथं
एलेउतेरिओ फळी उचलतो
आणि पाणी, तीनशे वर्षांची सवय असल्यासारखं,
डावीकडे वळतं.

मी साक्रीचा. पांझरेच्या फडांत वाढलो,
म्हणून मला चर्चच्या आधी चर दिसला.
मग दोन कमानींवरून ओढा ओलांडणारा पाट.
वाकून उतार पाहिला. बोटभर. बरोब्बर.
“कुणी काढला हा?”
“पाद्र्यांनी,” तो म्हणाला.
मग जरा थांबून, “पाद्र्यांनी सांगितला.”

खणणाऱ्यांची नावं वहीत आहेत.
म्हणजे, वहीनं दिलेली नावं आहेत.
नदीचंही तेच. घोडी, खेचरं, क्रूस घेऊन आलेल्यांनी
एका जूनमध्ये काठावर तळ ठोकला, पंचांग उघडलं,
त्या दिवशी ज्या संताचा सण, ते नाव ठेवून मोकळे.
पायाया लोक तिला यानागुआना म्हणत.
ती दोन्ही नावांना ओ देत नव्हती,
वाहत होती.

त्याची कुठलीशी खापरपणजी त्या वहीत सापडते:
मारिया एदुविहेस, वय अंदाजे वीस,
आधीच्या नावावर शाईचा डाग.
मुद्दाम नसेल. दौत कलंडली असेल.
पाच पानं पुढं तिची दोन लेकरं, एकाच आठवड्यात.
आमच्याकडे त्या रोगाला देवी म्हणतात.
हे मी त्याला सांगितलं नाही.

भिंतीच्या आत मका, घंटा, गुडघे टेकणं;
पळालं तर शिपाई हुडकून आणत.
बाहेर अपाचे, आणि करपलेलं रान.
इकडे आड, तिकडे विहीर,
मध्ये हा पाट. खणा.

पुढं छावणी आली, बाजार आला,
झेंडे इतके बदलले की काठीच झिजली असेल.
शहरातले रस्ते उगाच वळसे घेतात,
टॅक्सीवाला वैतागतो.
डांबराखाली पाट होता. रस्ते अजून
त्याच्या काठाकाठानं चालतात.

मी विचारलं, “आता पाळी कुणाची?”
खालच्या शेताच्या फाटकाशी ओफेलियाबाई
मनगटावरचं घड्याळ आमच्याकडे धरून उभ्या होत्या.
पाच मिनिटं आमच्या गप्पांत गेली म्हणे.
त्यांच्या कांद्यांना
तेवढं पाणी परत हवं होतं.