मानशीवरची नोंद

आजोशीच्या मानशीवर, पंपाच्या खोलीत
एक संगणक आहे. त्याला पडदा नाही,
मी माझा लॅपटॉप जोडते.
खाऱ्या वाऱ्याने स्क्रू हिरवे झालेत.
पंख्यात एकदा पाल अडकली होती,
तेव्हापासून तो खोकत फिरतो.

पाण्याची उंची सांगणारा सेन्सर
चार दिवस एकच आकडा देतोय:
एक्केचाळीस.
भरतीला एक्केचाळीस, सुकतीला एक्केचाळीस.
आज अमावास्येचं उधाण, म्हणून रात्रीच आले.
इनासबाब दारात जाळं शिवत बसलेला.
म्हणाला, "तुज्या यंत्राक न्हीद लागल्या."

ड्रायव्हर उतरवायचा, पुन्हा चढवायचा.
दोन ओळींचं काम.
पहिली ओळ लिहिली. उत्तर आलं:
उतरवता येत नाही, वापरात आहे.

कोण वापरतंय एवढ्या रात्री?
शोधलं, तर नोंदी ठेवणारी सेवा
त्याच्या तोंडाशी कान लावून बसलेली.
दर दहा सेकंदांनी तेच एक्केचाळीस
इमानेइतबारे उतरवून घेत,
चौतीस हजारांवर वेळा.
तिला शंका आली नाही.
शंका तिच्या कामात बसत नाही.

आधी तिला थांबवायचं.
ऐकणारा उठल्याशिवाय
बोलणाऱ्याला हलवता येत नाही.
हा क्रम मी शिकले मडगावच्या शीतगृहात,
बांगड्यांच्या अठरा पेट्या घालवून.

थांब, म्हटलं. थांबली.
हातातली ओळ पुरी करून, वेळ घालून, रीतसर.
मग ड्रायव्हर उतरला.
खोलीत काहीच बदललं नाही. पंखा खोकला.

"आतां उदक कोण मेजता?"
कोणीच नाही, मी म्हटलं.
इनासबाब हसला नाही.
सुई दातांत धरून उठला,
टॉर्च न घेता पायऱ्या उतरला
आणि शेवटच्या पायरीवर
एक पाय पाण्यात सोडून बसला.

मी केबल काढली.
पिनांवर मीठ, मिठात एक मेलेली मुंगी.
फडक्याने पुसलं, फुंकर घातली,
खोचलं. दुसरी ओळ लिहिली.
कर्नल म्हणाला, नवं उपकरण दिसलं.
नवं! सात वर्षं इथेच आहे ते,
पण उतरून चढलेला त्याला दर वेळी नवाच.

तेवढ्यात खाली धप्प झालं.
मानशीची दारं मिटली.
त्यांना कोणी हुकूम देत नाही,
बाहेरचं पाणी जड झालं की मिटतात,
हलकं झालं की उघडतात.
कुणी थांबवलं, कुणी सुरू केलं
हे लाकडात कुठेच लिहिलेलं नसतं.

सेवा सुरू केली.
एकोणसाठ. साठ. साठ. एकसष्ट.
बरं वाटलं, तापातून उठलेल्याने
पेज मागावी तसं.

मग नोंद वाचली.
दोन सतराला थांबली, दोन एक्केचाळीसला सुरू.
मधे कोरी ओळसुद्धा नाही,
एकीच्या खांद्याला दुसरी चिकटून उभी.
थांबवणाऱ्याचं नाव: रूट.
माझं नाही.

"मदलें म्हाका विचार,"
इनासबाब वर येत म्हणाला.
पोटरीवर एक ओली रेघ,
तिच्याखाली चिखल, वर कोरडी कातडी.
मी टेप काढली, टाचेपासून रेघेपर्यंत धरली.
बावीस.

बावीस कुठे लिहायचं?
फाईल उघडली. कर्सर लुकलुकत राहिला.
इनासबाब पाय पुढे करून उभाच,
आणि रेघ वरच्या कडेने
वाळायला लागलेली.