अंगठा

चौतीस वर्षं मी कागद पाहिला.
नाशिकरोडला, प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली
ताव उलटायचा, नजर फिरवायची.
शाईचा ठिपका, सुटलेली रेघ, कडेला सावली
दिसली की ताव बाद.
सुटताना गेटवर हात वर करून उभं राहायचं,
खिसे उलटे, डबा उघडा.

निवृत्तीनंतर डोळ्यांना काम उरलं नाही.
गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात
पेठकडची एक बाई गोणपाटावर बसली होती,
समोर आलं, आंबेहळद, आणि ही.
मी सवयीनं एकेक गाठ उलटसुलट करत राहिलो.
ती म्हणाली, "डागबिग नका बघू दादा, डोळा बघा.
डोळा असंल तीच उगवंल."
वीस रुपयांत तीन घेतल्या. डोळस.

जेलरोडचा दुसरा मजला.
रंगाची वीस लिटरची बादली,
तापल्या स्क्रूड्रायव्हरनं बुडाला भोकं,
खालच्या कोठावदेंनी दिलेलं शेणखत, थोडी वाळू.
आखाजीला पुरली. निम्मा जून गेला.
इंदू म्हणाली, "माती पाळलीय तुम्ही.
रोज पाणी पाजता, नाव तरी ठेवा तिला."
मग एका सकाळी
बसच्या तिकिटासारखं घट्ट गुंडाळलेलं
पहिलं पान.

श्रावणात पानं कठड्याच्या वर गेली.
जे फाटलं, ज्याची कड करपली,
ते मी कात्रीनं कापून टाकायचो.
वैदेही, आमची सून, कुडाळची.
लग्नाला वर्ष झालं तरी मोजकं बोलायची.
कचऱ्याच्या डब्याशी थबकली,
एक पान उचललं, चुरगाळलं, नाकाशी धरलं.
"बाबा, हे टाकता तुम्ही?"

त्या दिवशी ओट्यावर तिचा हुकूम चालला.
इगतपुरीच्या तांदळाचं पीठ, गूळ, खोबरं,
पानावर थापून, दुमडून, इडलीपात्रात.
वास जिन्यानं खाली गेला
आणि कोठावदे वर आले,
शेणखताचा हिशोब करायला.
पान सोडवलं तर पातोळीवर शिरा उमटलेल्या,
एकही रेघ सुटलेली नाही.
मी ताटली उजेडात धरून पाहत राहिलो.
इंदू म्हणाली, "पास झालीय ती. खा आता."

डिसेंबरात निफाडचा गारठा आमच्या बाल्कनीपर्यंत आला.
पानांनी माना टाकल्या. पाणी बंद केलं.
जानेवारीत बादली जुन्या पेपरवर पालथी घातली:
माती, मुळं, मुळांत अडकलेली बोटं.
एक मोडलं. आत असा रंग
की मी खिडकी उघडून परत पाहिलं.
नऊशे साठ ग्रॅम. दोनदा मोजली.
दोन गाठी, डोळ्याच्या, वाळूच्या डब्यात बाजूला.
निम्म्याचं लोणचं, लिंबू-आलं-मिरची घालून,
बाकीची उकडून गच्चीवर,
फरशीवर टाकली की गोट्यांसारखी वाजेपर्यंत.
मिक्सरचं झाकण कायमचं पिवळं झालं.
ओट्याची फट अजून तशीच आहे.
एवढं करून मिसळणाच्या डब्यातली दीड वाटी.
"ह्याच्यासाठी आठ महिने?" मुलगा म्हणाला,
आणि वरणावर पुन्हा भात घेतला.

दुसऱ्या सकाळी दूधवाला, पोपट सानप.
शंभराची नोट काढून दिली.
तिच्या कोऱ्या भागावर माझा अंगठा,
पिवळा, रेषांसकट, ठसठशीत.
हात आपोआप पुढे गेला, परत घ्यायला.
तोवर पोपटनं घडी घालून खिशात टाकली होती.
"हळद ना काका? चालतीय की."
कॅन वाजवत जिना उतरला.
मी कठड्याशी उभा.
मोटारसायकल सिन्नर फाट्याकडे वळली,
तिथून पुढे मला दिसत नाही.