सौम्य

पंधराव्या वर्षीही माझा एक दुधाचा दात पडला नव्हता.
वरचा, डावा, कणीएवढा.
हसले की दिसायचा आणि आई म्हणायची,
"रवांदे. बाळपण तेवढाच उरला हा."

मग नाकाच्या शेजारी गाल भरू लागला.
दुखेना, ठणकेना, ताप नाही.
नुसताच भरत राहिला,
मिठागराच्या खणात पाणी शिरतं तसा,
बांधाला न विचारता.

दहावीच्या फॉर्मसाठी फोटो काढताना
स्टुडिओतला बाबल म्हणाला, "सुपारी थूक आधी गो."
माझ्या तोंडात काहीच नव्हतं.

शिरोड्यात ज्याच्या त्याच्याकडे त्याचं एक नाव होतं.
शेवंती काकीसाठी गालफुगी,
शेजारच्या कोचरेकरणीसाठी नजर, तीही नक्की कोणाची ते माहीत असलेली.
रक्तचंदन उगाळून झालं.
देवळात गाऱ्हाणं झालं,
"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाच्या तोंडावरची सूज उतरव..."
"व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत
माझ्या वर्गातले दोघे होते.
मी खांबाकडे तोंड केलं. उजवी बाजू त्यांच्याकडे.

बांबोळीला यंत्र माझ्या डोक्याभोवती फिरलं.
हनुवटी टेकून, प्लास्टिकची कांडी दातांत धरून मी उभी,
आणि ते घरघरत
या कानापासून त्या कानापर्यंत.
मग काचेवर माझा अख्खा जबडा उलगडलेला,
चिरून वाळत घातलेल्या मासळीसारखा.
आणि वर, पार डोळ्याच्या खाली,
एका गोल काळोख्या खोलीत
माझा सुळा झोपला होता.
पूर्ण वाढलेला. आडवा.
काळोखात पांढरे बारीक कण.
मीठ, मला वाटलं.

तुकडा तपासून कागद आला.
आरोंदेकर बाईंनी वाचला:
अडिनोमॅटॉइड ओडोन्टोजेनिक ट्यूमर.
बाबा होड्यांवर नावं रंगवतात.
त्यांनी खिशातली वही काढली.
"परत सांगा, सावकाश. 'टा'वर चंद्र?"
बाई म्हणाल्या, विरळा आहे.
तीनांतले दोन मुलींना होतात,
तीनांतले दोन वरच्या जबड्यात,
तीनांतले दोन असेच, सुळ्यापाशी.
"दोन वाटे होडयेचे, एक खलाशांचो,"
बाबा पुटपुटले, निदान हिशेब तरी कळल्यासारखे.
"आणि सौम्य आहे."
"सौम्य म्हणजे?"
"जीव घेत नाही. जागा घेतो."

त्याच वर्षी आमच्या माडांत मोजणीवाले येऊन गेले होते,
चुन्याच्या रेघा मारून.
परतताना बसमध्ये, आरोंद्याचा पूल गेल्यावर,
आई एकदम म्हणाली,
"तेंका पण सौम्यच म्हणतत काय?"

भूल उतरली तेव्हा गाल बोळ्यांनी भरलेला
आणि बाई सांगत होत्या,
बरक्या फणसातून आठळी सुटावी
तशी आली, कवचासकट. कुठे चिकटली नव्हती.
मग इतकी वर्षं कशाला धरून होती,
हे मला विचारता आलं नाही.

बाबांनी सुळा मागितला.
माझे सगळे दुधाचे दात त्यांनी कौलांवर फेकले होते,
एकेक, पावलं मागे घेऊन, नेम धरून.
हे दोनच राहिले होते,
जो पडला नाही आणि जो आलाच नाही.
"बाटलीतून जाणार ते, तपासायला," नर्स म्हणाली.
बाबांचा हात थोडा वेळ तसाच पुढे,
मग खिशात.

आता तिथे हाड भरून आलंय.
जीभ अजून जाते, सवयीने, आणि परत येते.

परवा ती वही सापडली.
सागरकन्या, माउली कृपा, दर्याचा पाहुणा,
आणि त्यांच्यामध्ये
कुठल्याच होडीचं नसलेलं एक नाव,
तीन ओळींत, लाल पेन्सिलीने,
प्रत्येक अक्षराला डावीकडून सावली,
'टा'वरचा चंद्र दोनदा खोडून
तिसऱ्यांदा बरोबर.