जामीनदार

सही कुठे करायची ते ठक्करसाहेबांनी
पेन्सिलीनं फुली मारून दाखवलं. चौदा फुल्या.
मी चौदा वेळा कुमुद यशवंत दळवी झाले,
आणि शेवटच्या पानावर अंगठाही दिला,
इतकं लिहूनही मला लिहिता येतं
यावर बँकेचा विश्वास नसल्यासारखा.

सहा लाख ऐंशी हजार.
वाघोडिया रोडला, शेतं संपतात तिथलं कॉलेज,
काचेचं, लिफ्टवालं.
विषय, संवाद.
"जनसंवाद, आत्या," शर्वाणीनं दुरुस्त केलं.
म्हटलं, जन वाढले की फी वाढते होय?
हसली. तेव्हा हसायची.

मी एकतीस वर्षं ट्रंक बोर्डावर काढली.
एका भोकात मुंबई, दुसऱ्यात डभोई,
"तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?"
मयत, बारसं, कापसाचा भाव,
रावपुऱ्यातली एक बाई दर गुरुवारी नंबर मागायची
आणि समोरून उचलला की काहीच बोलायची नाही.
सगळं माझ्या हातून गेलं. मी काही ऐकलं नाही,
नियमच होता तसा.
चार महिने अहमदाबादला नेऊन शिकवलं ते,
आणि शिकायचे पैसे सरकार मला देत होतं.
हे शर्वाणीला एकदाच सांगितलं.
दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर टोमणा झाला असता.

नोकरी लागली अलकापुरीत. चौदा हजार.
एका टाइल्सवाल्याच्या फरश्यांबद्दल
रोज तीन भावुक वाक्यं.
"घर म्हणजे पायांखालची आठवण" हे तिचं.
दांडिया बाजारच्या चौकात लागलं होतं,
मी रिक्षा थांबवून वाचलं. रिक्षावाला म्हणाला, बा, चालू काय?

हप्ता नऊ हजार एकशे शहात्तर.
उरले चार हजार आठशे चोवीस.
शेअर रिक्षाचे हजार चाळीस काढा.
दुधाच्या वहीत मागच्या पानावर मांडलं,
वरून खाली, मग खालून वर.
त्या हिशोबात चष्म्याची काच
वर्षातून एकदाच फुटू शकत होती,
तीही दिवाळी सोडून.

भाऊ म्हणाला, बी.कॉम. केलं असतं तर.
वहिनी म्हणाली, उद्या लग्नात. अर्धंच म्हणाली.
शेजारचा जिग्नेश आयटीआय करून रिफायनरीत,
बत्तीस हजार, त्याची आई विचारल्याशिवाय सांगते.
शर्वाणी भाखरीचा तुकडा
बराच वेळ दुमडत राहिली.

मार्चात टाइल्सवाल्यानं एक माणूस कमी केला.
दोन हप्ते राहिले. मला कळवलं नाही कुणी.

परवा दुपारी पावणेतीनला लँडलाइन वाजला.
"नमस्कार. आपण जामीनदार असलेल्या कर्जखात्याचा
हप्ता थकीत आहे."
मराठी. बडोद्याचं. 'थकीत'मधला 'त'
आमचे अप्पा गिळायचे तसा गिळलेला.
शर्वाणी.

गुजरातीसाठी दोन दाबा. दाबलं. तीच.
हिंदीसाठी तीन. तीच, पण साडी नेसून आल्यासारखी.
नंतर कळलं, तिन्ही भाषांचे मिळून चार हजार मिळाले,
एकदाच. कुठल्या बँकेसाठी, ते तिला सांगितलं नव्हतं.

पुन्हा ऐकण्यासाठी नऊ.
लाइन जोडून बाजूला व्हायची सवय माझी,
पण रिसीव्हर ठेववेना.
श्वास घ्यायची जागा तिनं नीट निवडली होती,
'हप्ता' झाल्यावर, 'थकीत'च्या अलीकडे,
पलीकडे माणूस आहे असं धरून.
हे तिला तिथंच शिकवलं असणार.
वहीत याला रकाना नव्हता.

परत नऊ. परत नऊ.
"तीन मिनिटं झाली," मी रिसीव्हरमध्ये म्हणाले.
"वाढवायचं का?"

"आपला प्रतिसाद नोंदवला गेला नाही,"
ती म्हणाली.