थांबूचा नसता

माझ्या बापानं सत्तावीस वर्षं
दशावतारात बायकांची कामं केली.
पेटाऱ्यात आईची लग्नातली अंजिरी साडी,
गंगावन, चिंध्यांची छाती,
आणि बशीएवढा आरसा, कडेचा पारा गेलेला.

वायंगणीच्या जत्रेत, रात्री दोनला,
खाज्याच्या दुकानांतले दिवे पेंगू लागले
की तो राणी व्हायचा,
मेलेलं पोर मांडीवर घेतलेली.
लिहिलेलं काहीच नसायचं,
संवाद उभ्या उभ्या सुचायचे.
रडणं मात्र घरून तयार:
आधी श्वास आत, मग हनुवटी,
मग पदराचं टोक दातांत,
आवाज सगळ्यात शेवटी.
लोक उठून पन्नासाची नोट टाचायचे
त्याच्या, म्हणजे आईच्या, पदराला.

आईचं रडणं होतं ते.
मी सहा वर्षांची असताना ओळखलं.
चुलीपुढचं, धाकटा गेला तेव्हाचं,
तसंच्या तसं.
विचारलं, तुला राग नाही येत?
ती काजूच्या कारखान्यातून आलेली,
तेलानं काळी झालेली बोटं राखेनं घासत म्हणाली,
"तेच्या रडण्याक पैशे तरी मिळाले.
मी फुकट रडलंय तां येगळा."

पण बापानं सगळं नेलं नव्हतं.
तिची जीभ राहिली होती.
फोडणीच्या यंत्रापुढून मुकादमाला ऐकवायची,
"मेल्या, तुजो अंगठो काट्यार बसता,
तेकाय हजेरीर घे!"
साठ बाया हसायच्या,
यंत्रावरचे पाय न थांबवता.
त्यावर कुणी नोट टाचली नाही.
राणीला असलं बोलता येत नसे,
टीव्हीवरच्या सुनेलाही नाही.
ती दागिन्यांसकट झोपायची, उठून रडायची.
आई म्हणायची,
"हिका कोणीतरी कारखान्यात लावा गे."

बापाचा गुडघा गेला त्याच साली
आम्ही आठ जणींनी कंपनी काढली.
एक अंगणवाडीताई, एक सोसायटीत कारकून,
दोघी कोळंबी सोलणाऱ्या.
सगळ्यांनाच राजा व्हायचं होतं,
त्यावरून दोन बैठका मोडल्या.
बाप म्हणाला, तुला राणी शिकवतो,
चाल, पदर, हनुवटी.
मी काळं सोंग मागितलं.
पायघोळ अंगरखा, तोंडभर बुरखा,
त्यावर पांढरे डोळे,
वेद चोरून पळणारं,
देवाशी मालवणीत भांडणारं.
बाप बराच वेळ गुडघ्याला तेल चोळत राहिला.
"त्या सोंगात बाई दिसणा नाय गो."
मी म्हटलं, ठाऊक आहे.

वायंगणी. तोच बाकडा, नवी पायपेटी.
देवानं विचारलं, वेद कशाला चोरलेस?
पाठ केलेलं उत्तर विसरले.
बुरख्याच्या आत माझ्याच श्वासाची वाफ,
समोर नुसता काळोख.
तोंडातून निघालं, "मेल्या..."
आणि मग,
"इतकी वर्सां काट्यार तुजो अंगठो होतो.
आज वजन मी करतंय!"
आधी कारखान्यातल्या बाया हसल्या.
जत्रेला कळायला जरा वेळ लागला.

कुणीतरी चित्रीकरण केलं, मोबाइलवर फिरलं.
खाली एकानं लिहिलं,
"कोण हो बाबा? भारी काम करता."
बापाला एकेकाळी चहावाला वहिनी म्हणायचा.
त्यानं मला ते दोनदा वाचायला लावलं.

पण ते दुसऱ्या दिवशी.
त्या पहाटे आई आणि मी चालत निघालो,
चपला हातात, वाळू गार.
ती गप्प.
खाडीवरच्या साकवाच्या मध्यावर थांबली.
"मेल्या म्हटल्यार थांबलंस तू."
मी काही बोलले नाही.
"थांबूचा नसता.
थांबलंस काय तो अंगठो काढून घेता."
खाली पाणी ओहोटीला लागलं होतं.
तिनं चपला खाली ठेवल्या.
"परत म्हण, बघया."